काटा स्थिरावेपर्यंत

दातांच्या डॉक्टरने छोटा आरसा त्याच्या तोंडातून बाहेर काढला, दिवा बाजूला सारला आणि हवापाण्याची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, "किती वर्षं उलट्या काढताय?" खुर्ची अजून मागे कललेलीच होती. त्याच्या गळ्याशी कागदी फडकं होतं, गालांत कापसाचे दोन बोळे होते. अशा अवस्थेत माणसाला खोटं बोलणं फार जड जातं. तोंडातून शब्दच फुटत नाही तिथे थापा कुठून मारणार? त्याने छताकडे पाहिलं. छताला पंखा होता, बंद. तीन पात्यांपैकी एकावर धूळ जास्त होती. म्हणजे पंखा तोलात नसणार, सुरू केला की डुगडुगणार, एवढा विचार त्याच्या डोक्यात सरळ येऊन गेला, आणि मग त्याने हात वर केले. दहा बोटं. मिटून पुन्हा दहा. मग चार. डॉक्टरने मान हलवली, जणू चोवीस हा अगदी बेताचा आकडा होता. "वरच्या दातांच्या मागची बाजू पार झिजलीय. दात मी भरून देईन, पण भरलेलं टिकायला हवं ना," असं म्हणत त्याने एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहिला. चोवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आईने नाही, बायकोने नाही, कचेरीतल्या कुणी नाही. आणि या माणसाने ते कुणाला न विचारता दातांवरून वाचलं होतं. जिना उतरताना त्याला लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटलीच, पोटभर वाटली. पण पहिल्यांदा वाटलं ते नवल. आपण सगळ्या जगापासून जे लपवलं, त्याची दातांनी इमानेइतबारे नोंद ठेवली होती.

तो वजनं तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत कामाला होता. दुकानांची, कारखान्यांची, औषधवाल्यांची वजनं तिथे यायची आणि खरी आहेत की खोटी ते ठरून परत जायची. कचेरीत त्याला सगळे मिलिग्रॅम म्हणत. साहेबसुद्धा म्हणत. त्यात चेष्टा होती तसा मानही होता, कारण जी खोली सगळ्यांत आतली, जिथे हवा ठरावीक गारव्याची आणि दार दुहेरी, त्या खोलीत बसायचा अधिकार त्याचा होता. तिथे वजनाला हात लावायचा नसतो. बोटाचा पुसटसा ठसा उमटला तरी त्याचं वजन भरतं. चिमट्याने उचलायचं, काचेच्या पेटीतल्या तराजूवर ठेवायचं, पेटी बंद करायची आणि मागे सरायचं. माणूस नुसता जवळ उभा राहिला तरी अंगाच्या उबेने पेटीतली हवा हलते आणि आकडे नाचायला लागतात. नवीन कुणी शिकायला आलं की तो पहिल्या दिवशी सांगायचा, "या खोलीत सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे तुम्ही. तुमचा श्वास, तुमचा घाम, तुमची ऊब. जमेल तेवढं नसल्यासारखं राहा." नसल्यासारखं राहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दुपारी सगळे जेवायला गेले की तो काही खायचा नाही, सकाळी खायचा नाही, काळ्या चहावर दिवस काढायचा, आणि कचेरी सुटल्यावर परतीच्या वाटेवर तीन वेगवेगळ्या दुकानांत शिरायचा, म्हणजे कुठल्याच दुकानदाराला पिशवीचा अंदाज येऊ नये. पाव, बिस्किटं, केक, लोणी. ते कुठे खायचं, कसं खायचं, मग काय करायचं, हे सगळं इतकं ठरलेलं होतं की त्यात चुकायला जागाच नव्हती. घरी आल्यावर बायकोबरोबर चारचौघांसारखा जेवायचा, उठायचा आणि न्हाणीघरात जायचा. नळ मोठा सोडायचा. बायको येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायची, "आमच्याकडे दोनदा आंघोळ लागते, एकदा सकाळची आणि एकदा जेवणाची."

चिठ्ठीवरच्या नंबराने त्याला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नेलं. उपचार करणाऱ्या बाई पस्तिशीच्या असतील. टेबलावर कागदी रुमालांचा डबा, खिडकीत दोन कुंड्या, कोपऱ्यात जाड गालिचा आणि गालिच्यावर वजनकाटा. त्याची नजर आधी काट्यावर गेली, आणि काट्याखालच्या गालिच्यावर. मऊ गालिच्यावर वजनकाटा! आतल्या आत त्याच्या अंगावर काटा आला, पण पाहुण्याने पहिल्याच दिवशी घराला नावं ठेवू नयेत म्हणून तो गप्प बसला. बाईंनी रक्त तपासायला पाठवलं, हृदयाचा आलेख काढायला लावला, आणि पुढच्या वेळी कागद समोर ठेवून सरळ सांगितलं, "तुमच्या रक्तातले क्षार खाली गेलेत. हृदयाचे ठोके मधूनमधून चुकतायत. औषध चालू करू, पण उलट्या थांबल्या नाहीत तर एखाद्या दिवशी ते चुकतील आणि परत लय धरणार नाहीत. मी घाबरवत नाहीये, जे आहे ते सांगतेय." मग त्यांनी एक पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर खिडकीशी बसलेली एक मुलगी होती. आतही मुलीच होत्या. परीक्षेला बसलेल्या, आरशासमोर उभ्या असलेल्या, मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं ठेवलेल्या. तो एकावन्न वर्षांचा, केस मागे हटलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्याने पानं उलटली आणि पुस्तिका जपून परत ठेवली, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर माणूस हळूच दार ओढून मागे फिरतो तशी. बाईंच्या ते लक्षात आलं. "हे ज्यांनी लिहिलं त्यांच्यासमोर तुम्ही नव्हता," त्या म्हणाल्या. "उपचाराचा गाभा बरोबर आहे, तो खूप जणांना उपयोगी पडलाय. वरचे कपडे मात्र तुमच्या मापाचे नाहीत. ते आपण दोघं मिळून बेतू. मला तुमच्या कामातलं काही कळत नाही, तेव्हा तुम्हाला शिकवावं लागेल."

त्यांनी कोऱ्या कागदावर एक चित्र काढलं. वर लिहिलं 'कडक नियम'. त्यातून बाण निघाला 'उपास'कडे, तिथून 'भडका'कडे, म्हणजे अधाशासारख्या खाण्याकडे, तिथून 'उलटी'कडे, तिथून 'लाज'कडे, आणि लाजेतून एक लांब वळसा घेऊन बाण पुन्हा 'कडक नियमां'ना येऊन चिकटला. "तुम्हाला वाटतं, खाणं सुटतं म्हणून नियम हवेत," बाई म्हणाल्या. "हा बाण बघा. नियमांमुळे खाणं सुटतं." तो त्या कागदाकडे बघत राहिला. त्याला आपलं आयुष्य नेहमी एका सरळ रेषेत घसरत चाललेलं वाटायचं, एकाच बाजूला, खाली. इथे ते गोल होतं. पाच शब्द आणि पाच बाण, बस. चोवीस वर्षं ज्याला तो स्वतःचा नीचपणा समजत होता, ते एक यंत्र होतं, त्याला भाग होते, आणि भाग असलेल्या गोष्टीला कुठेतरी हात घालता येतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याला एकदम मावशीचं घर आठवलं. आई आजारी पडली ते वर्ष तो मावशीकडे होता, नऊ वर्षांचा. मावशी वाईट नव्हती. तिची स्वतःची चार पोरं होती आणि खाऊच्या कपाटाला कुलूप होतं. किल्ली तिच्या कमरेला. कपाट कधी उघडेल याचा नेम नसायचा. कधी दिवसातून दोनदा, कधी दोन दिवस नाही. उघडलं की तो मिळेल तेवढं, मावेल तेवढं, उभ्या उभ्या खायचा. मावशी हसायची, "अरे, पळून जातंय का ते?" तेव्हा जातच होतं पळून. पुढे तो मोठा झाला, कमावता झाला, स्वतःचं कपाट झालं, आणि त्याने काय केलं? मावशीची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. हे त्याला त्या खुर्चीत बसून कळलं. बाई काहीतरी बोलत होत्या, तो ऐकत नव्हता, आणि गालांवरून ओघळणारं पाणी पुसायचंही त्याला सुचलं नाही.

पहिलं काम नोंदवहीचं. काय खाल्लं, केव्हा, कुठे, आणि तेव्हा मनात काय होतं ते लिहायचं. आठवड्याने त्याने वही आणली ती बघून बाईंचा चेहरा पडला. नोंदवही देखणी होती. रेघा आखलेल्या, वेळ मिनिटापर्यंत, आणि प्रत्येक घासाचं वजन दशांशात. पाव आधी मोजलेला, चुरा नंतर मोजून वजा केलेला. सफरचंदाचा गाभासुद्धा सोडलेला नव्हता. 'मनात काय होतं' हा रकाना मात्र पांढराशुभ्र. "हे तुम्ही फार प्रेमाने केलंय," बाई म्हणाल्या, "आणि तुमच्या आजाराला पक्वान्नाचं ताट वाढलंय." त्याला राग आला. अर्धवट नोंद करायला सांगणारी ही पहिलीच बाई त्याला भेटली होती. "मग काय लिहू? 'थोडंसं खाल्लं'? थोडंसं म्हणजे किती, मॅडम?" बाईंनी डोकं खाजवलं. "तुमच्याकडे वजन तपासता, तेव्हा अगदी बरोबर किती ते सांगता येतं?" तो हसला. लोकांना असंच वाटतं. "छे! अगदी बरोबर कधीच नसतं. आकडा द्यायचा आणि पुढे अधिक-उणे किती तेही द्यायचं. अधिक-उणे न लिहिलेला आकडा म्हणजे बाजारगप्पा." बाईंनी पेन त्याच्या हातात दिलं. "मग तसंच लिहा. मोजायचं नाही, अंदाजाने." पुढच्या आठवड्यात वहीत लिहिलेलं होतं: 'सूप एक वाटी, अधिक-उणे अर्धी. पाव दोन तुकडे, अधिक-उणे एक.' आणि शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात, 'भीती. अधिक-उणे माहीत नाही.' बाईंनी ते वाचलं, मान खाली घातली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते त्याला कळेना. बहुधा दोन्ही असावं.

मग आलं नेमाने खाणं. दिवसातून पाच वेळा, घड्याळाच्या काट्यावर, भूक असो वा नसो. औषधासारखं खायचं. त्याला हे वेडेपणाचं वाटलं. जो बुडतोय त्यालाच सांगायचं की पाण्यात जा. आणि खाल्ल्यावर तासभर न्हाणीघराकडे फिरकायचं नाही. ते पहिले दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. कचेरीत सकाळी अकराला उकडलेलं अंडं आणि पाव खाऊन तो खुर्चीच्या कडा धरून बसायचा. पोटात एवढंसं काही पडलं की अख्खं शरीर ओरडायचं, झालं, गेलं, आता सगळं हाताबाहेर. दोनदा त्याचा नेम मोडला. तिसऱ्यांदा मोडला तेव्हा त्याने बाईंना सांगितलं, माझ्याच्याने होणार नाही. बाईंनी धीर वगैरे दिला नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या खोलीत नवीन वजन आलं की आधी काय करता?" तो जरा त्रासून म्हणाला, "काही करत नाही. ठेवतो. बाहेरून आलेलं असतं, गरम-गार असतं. रात्रभर खोलीत बसू देतो, मग बघतो." "आणि तराजूवर ठेवल्या ठेवल्या जो आकडा दिसतो तो?" "तो कुणी लिहीत नाही. तो डगमगत असतो. थांबायचं. स्थिरावला की मग..." आणि इथे तो थांबला. बाईंनी वहीवर नव्या रकान्याची रेघ ओढली. रकान्याला नाव त्यानेच दिलं: 'स्थिरावायला लागलेला वेळ'. त्या दिवसापासून खाल्ल्यानंतरची ती किंकाळी त्याच्यासाठी वजन ठेवल्या ठेवल्या आकड्याचं होणारं डगमगणं झाली. तिच्यावरून कुणी निकाल देत नाही. तो हात मांडीवर ठेवून लांबून बघत राहायचा. चाळीस मिनिटं. पस्तीस. एका मंगळवारी बावीस. आणि प्रत्येक वेळी, एकही अपवाद नाही, ती थांबत होती! आपोआप! एवढी वर्षं त्याने तिला थांबायची संधीच दिली नव्हती.

घरचा काटा न्हाणीघरात बादलीमागे होता. त्यावर तो दिवसातून किती वेळा चढायचा ते त्याने बाईंनाही सांगितलं नव्हतं. तो काटा त्याने पिशवीतून कचेरीत नेला आणि नापास वजनांच्या कपाटात ठेवायला घेतला. लाल चिठ्ठी हातात धरून तो उभा राहिला, पण हात पुढे होईना. काटा नापास नव्हता. त्यानेच तो तपासला होता, काटा अगदी चोख होता, आणि चांगल्या काट्याला नापास म्हणणं म्हणजे या धंद्यात महापाप. शेवटी त्याने पिवळी चिठ्ठी लावली, 'वापरात नाही'. कुलूप लावलं आणि किल्ली साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेब म्हणाले, "काय रे मिलिग्रॅम, किल्ली आणि तू सोडतोस?" तो म्हणाला, "ओझं होतं, साहेब." साहेबांना काही कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

आता वजन आठवड्यातून एकदाच, बाईंच्या खोलीत, बाईंच्या समोर. आणि इथे त्याने तो घोळ घातला, जो जगात दुसऱ्या कुठल्या रोग्याने घातला नसता. तो गालिचा त्याला छळत होता. मऊ गालिच्यावर काटा कमी दाखवतो की जास्त, सगळीकडे सारखा चुकतो की वजनागणिक चूक बदलते, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ काय? सातव्या आठवड्यात तो कोटाच्या आतल्या खिशात प्रयोगशाळेतलं एक किलोचं वजन घेऊन आला, लोकरीच्या कापडात गुंडाळून. बेत साधा होता. एकदा वजनासकट उभं राहायचं, मग पाणी प्यायच्या निमित्ताने वजन खुर्चीवर ठेवायचं, पुन्हा उभं राहायचं, आणि फरक बरोबर एक किलो येतो का ते बघायचं. तो काट्यावर चढला, बाईंनी आकडा लिहिला, तो उतरायला वाकला, आणि वजन खिशातून निसटून गालिच्याच्या कडेपलीकडे फरशीवर असं आदळलं की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. पितळेचा तो चकचकीत गोळा घरंगळत बाईंच्या चपलेशी जाऊन थांबला. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. खिशात वजन लपवून काट्यावर चढणारे रोगी त्यांनी पाहिलेले होते. खाणं बंद केलेले, मरणाच्या दारात उभे असलेले, वजन वाढलं असं भासवणारे. "हे किती दिवसांपासून?" त्यांनी हळूच विचारलं. आणि मग त्याला कळलं की आपण कशासारखे दिसतोय. "नाही, नाही, मॅडम," तो अक्षरशः हात जोडून म्हणाला, "मी तुम्हाला फसवत नव्हतो. मी काटा तपासत होतो! तुमचा काटा गालिच्यावर आहे!"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या. गोळा उचलायला त्यांनी हात पुढे केला तेव्हा तो ओरडला, "हाताने नको!" आणि स्वतःच ओशाळला. त्यांनी कापडाने गोळा उचलून टेबलावर ठेवला. "म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला माहीत होतं की या काट्याचा भरवसा नाही." हो, तो म्हणाला, कुठल्याच काट्याचा नसतो, म्हणून तर आमची नोकरी आहे. माणसाच्या अंगात तर पाणीच केवढं, सकाळी एक, संध्याकाळी एक. एकदाच घेतलेल्या आकड्यावर आम्ही एखाद्या बटाटेवाल्याचं वजनसुद्धा नापास करत नाही, वर्षानुवर्षांचा आलेख बघतो. जगातलं कुठलंच वजन जागच्या जागी राहत नसतं, मॅडम. आमच्या तिजोरीत जे सगळ्यांत वरच्या दर्जाचं वजन आहे, ज्याच्यावरून बाकीची ताडून बघतात, ज्याला कुणी हात लावत नाही, तेसुद्धा वर्षावर्षाला सरकतं. थोडंसं. सगळंच सरकतं. तो रंगात येऊन सांगत होता, हातवारे करत होता. त्याचं संपल्यावर त्या म्हणाल्या, "बटाटेवाल्याला तुम्ही जी सूट देता ती स्वतःला कधी दिलीत?" एवढंच. खालचं कुत्रं भुंकायचं थांबलं होतं. त्याने टेबलावरच्या गोळ्याकडे पाहिलं. त्यात खिडकी दिसत होती, दोन कुंड्या दिसत होत्या, आणि मध्ये एक वाकडा, बारका, टक्कल पडायला लागलेला माणूस. दिवसातून तीस वेळा (आकडा आता त्याच्या मनात आपणहून आला) त्याने या माणसाला एका डगमगत्या आकड्यावर नापास केलं होतं. चोवीस वर्षं. तपासणारा तोच, नापास होणारा तोच, आणि एकदाही त्याने अधिक-उणे लिहिलं नव्हतं. त्याला घेरी आल्यासारखं झालं. मोठ्या डोंगराखाली उभं राहून वर पाहिल्यावर होतं तसं, आणि गंमत म्हणजे त्यात हलकंही वाटत होतं.

त्यानंतरचे दिवस त्याला नवलाचेच गेले. एके दिवशी सकाळी अकराला पाच मिनिटं असताना त्याला भूक लागली. भडका नव्हे, ओरड नव्हे, साधी भूक. वेळेवर आली, दारात उभी राहिली, अंडं-पाव मिळाल्यावर निघून गेली. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. हे असं असतं? हे सगळ्यांना असं असतं? त्या दुपारी तो पहिल्यांदा कचेरीच्या उपाहारगृहात बसला आणि लोकांकडे बघत राहिला. हिशेबनीस बाई बोलता बोलता जेवत होत्या. जेवतोय हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखकाने बिस्कीट उचललं, अर्धं खाल्लं, कुणीतरी हाक मारली म्हणून उरलेलं अर्धं बशीत ठेवलं आणि उठून गेला. उठून गेला! मिलिग्रॅम त्या अर्ध्या बिस्किटाकडे किती तरी वेळ बघत होता. लोक देवळात बघतात तसा. एक माणूस अर्धं बिस्कीट मागे ठेवून जाऊ शकतो, कारण उद्याही बिस्कीट असणार आहे हे त्याच्या पोटाला माहीत आहे. ते कुणी शिकवावं लागलं नाही त्याला. आणि आपल्या पोटाला, नवव्या वर्षापासून कुलपापाशी उभ्या असलेल्या त्या पोराला, आता एकावन्नाव्या वर्षी, दिवसातून पाच वेळा, पुन्हा पुन्हा, न कंटाळता सांगावं लागत होतं की कपाट उघडं आहे. आणि ते ऐकायला लागलं होतं. ज्या शरीराला तो आयुष्यभर अडचण म्हणत आला, ते एवढ्या सगळ्यानंतरही त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार होतं. तो वर गेला, आतल्या खोलीचं दार उघडलं, आणि तराजूच्या काचेपाशी मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिला. आकडे नाचायला लागले. ती त्याची ऊब होती. तो हसत उभा राहिला.

एकच गोष्ट राहिली होती. बायकोला सांगायचं. बाईंनी रेटलं नव्हतं, पण वहीच्या शेवटच्या पानावर त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं: 'घरी जेवल्यावर बसायचं.' कचेरीत बसणं वेगळं. घरी जेवणानंतर न्हाणीघराकडे जाणारी त्याची पावलं बावीस वर्षांची होती, लग्नाएवढी जुनी. तो उठला नाही तर ती विचारणार, आणि विचारलं तर सगळंच सांगावं लागणार. घरात आजवर त्याने जेवण कमी घेऊन, न्हाणीघरात नुसता नळ सोडून उभं राहून वेळ मारून नेली होती. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघं टेबलाशी बसले. बटाटे होते, मटार होते, ताजा पाव, आणि तिने केलेली सफरचंदाची खीर. तो जेवला. सगळं जेवला, तिच्याएवढं. आत ओरड सुरू झाली तसा तो पाहू लागला, लांबून, मांडीवर हात ठेवून. बायकोने ताटं गोळा केली. आणि मग, रोजच्यासारखी, ती भिंतीकडच्या फळीपाशी गेली आणि तिने रेडिओ लावला. मोठ्याने. बातम्या लागल्या होत्या. तिला बातम्यांचं वेड आहे असं तो बावीस वर्षं समजत आला होता. जेवण झालं की हिला बातम्या लागतात, त्याही कानठळ्या बसवणाऱ्या, असं तो लोकांना हसत सांगायचा. आज तो खुर्चीतच होता. आज त्याने पाहिलं की तिची नजर रेडिओकडे नाही, बातम्यांकडे नाही. ती त्याच्याकडे पाठ करून, फळीची कड दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून उभी होती, आणि नळाचा आवाज यायची वाट बघत होती.

नळाचा आवाज आला नाही. तिची पाठ ताठ झाली. बातमीदार कुठल्यातरी पुलाबद्दल सांगत होता. ती वळली, आणि तो बसलेला दिसला तशी तिचा चेहरा लहान मुलीसारखा गोंधळला.

"अहो," ती रेडिओपेक्षा आवाज चढवून म्हणाली, "जायचं नाही का आज?"

किती वर्षं, कुठल्या दिवसापासून, ही एकटीने, इथे फळी धरून, काही ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मोठा करून... सगळं एकदम त्याच्या मनात आलं, आणि त्याला कळलं की हे डगमगणंही आपोआप थांबेल, थांबलं नाही तरी चालेल.

"नाही," तो म्हणाला. "बसतो. तूही बस ना."

तिने मागे हात नेला, नजर त्याच्यावरून न काढता, आणि चाचपडत रेडिओ बंद केला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या घरात जेवणानंतर काहीही ऐकू येत नव्हतं. मग भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. ती त्याच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली आणि दोघं थांबले.